गोदेच्या काठाने : जुन्या ट्रॅक्टरच्या शोधात



बैल विकत घ्यायचा म्हटले म्हणजे तुम्ही काय करता? दात पाहता, खूर पाहता, खांदा चाचपता, चार पावले चालवून पाहता. आणि एवढे सगळे झाल्यावर एक प्रश्न हमखास विचारता, “बैल कुठला?” कारण डांगी बैल पावसापाण्यात टिकतो, खिल्लार चालीला पळतो, आणि गंगथडीच्या काळ्या रानात वाढलेल्या बैलाला डोंगराची वाट मानवत नाही, हे आपल्याला वाडवडिलांपासून ठाऊक आहे. मग जुना ट्रॅक्टर घेताना हा प्रश्न आपण का विसरतो? बॉनेटचा चकचकीत रंग पाहतो, मीटरचा आकडा वाचतो, आणि विसार देऊन मोकळे होतो.

हे मी दुसऱ्यांना शहाणपण शिकवण्यासाठी लिहीत नाही. आठ वर्षांपूर्वी आमच्याच घरात हे घडले आहे. एका व्यापाऱ्याकडून नवा रंग दिलेला ट्रॅक्टर आणला. पहिल्याच उन्हाळी नांगरटीत सायलेन्सरमधून निळा धूर आणि ऑइलचे थेंब येऊ लागले. इंजिनाच्या कामात त्या वर्षीचा सगळा कापूस गेला, आणि शेवटी तो ट्रॅक्टर निम्म्या किमतीत विकावा लागला. म्हणून गेल्या माघात पुन्हा ट्रॅक्टर घ्यायचे ठरले तेव्हा घरात दोन दिवस कोणी मोकळेपणाने बोलत नव्हते. सोयाबीनचे पैसे होते, बैलजोडीचे होते, पण भरीला वहिनींच्या पाटल्या मोडाव्या लागणार होत्या. वहिनी एवढेच म्हणाल्या, “पाटल्या देते. पण ट्रॅक्टर पाहायला मी पण येणार.”

असे आम्ही तिघे निघालो. दादा, वहिनी आणि मी. पैठणहून गोदावरीच्या काठाने वर, पार निफाडपर्यंत. चला, तुम्हीही आमच्याबरोबर चला.

नंबरपाटी काय सांगते

पैठणला नाथांच्या समाधीचे दर्शन घेतले आणि नाथसागराकडे पाहून निघालो. जायकवाडीचे हे धरण १९७६ साली पुरे झाले. त्यात साठणारे पाणी ज्या मुलखातून वाहत येते, त्याच मुलखात आम्हांला जायचे होते. शेवगावावरून नेवाशाला आलो. ज्ञानेश्वर माउलींनी ज्या खांबाला टेकून गीतेचा अर्थ सांगितला, तो पैसाचा खांब इथेच आहे. वहिनींनी तिथे हात जोडले. काय मागितले ते मी विचारले नाही.

वाटेत एस. टी. च्या खिडकीतून मी ट्रॅक्टरांच्या नंबरपाट्या वाचत होतो. तुम्हीही ही सवय लावून घ्या. एम.एच. १७ म्हणजे श्रीरामपूर, १५ म्हणजे नाशिक, ४२ बारामती, ४५ अकलूज, ३५ गोंदिया, ३६ भंडारा. हा नुसता आकडा नाही, ट्रॅक्टरने कोणते काम केले असेल त्याची ती पहिली खूण आहे. १७, ४२ आणि ४५ हे ऊसपट्ट्याचे आकडे. तिथल्या ट्रॅक्टरने बहुधा ट्रॉल्या ओढलेल्या असतात. ३५ आणि ३६ हा धानाचा मुलूख. तिथे चिखलणी होते, ट्रॅक्टर आसापर्यंत चिखलात उभा राहतो. तिथला ट्रॅक्टर आला, तर मागच्या आसाची ऑइल सीले गळतात का ते पाहा, गिअरपेटीचे ऑइल दुधाळ झाले आहे का ते पाहा, ब्रेक गंजलेत का तेही पाहा. सोयाबीनच्या भागातल्या ट्रॅक्टरने उभ्या जागी तासन्तास मळणीयंत्र फिरवलेले असते. त्याच्या रेडिएटरच्या जाळीत भुसा बसून इंजिन तापलेले असू शकते.

अर्थात पाटी पहिल्या नोंदणीचे गाव सांगते. मधले दोन-तीन मालक सांगत नाही. ते आर. सी. बुकात पाहायचे.

ऊसपट्ट्यात

श्रीरामपूरच्या अलीकडेच हवेला मळीचा वास येऊ लागतो. १९२६ साली पुऱ्या झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणाने या भागाला कालव्याचे पाणी दिले, आणि विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० साली गाळप करू लागला. तेव्हापासून या मुलखाचे सगळे चक्र उसाभोवती फिरते. माघ म्हणजे हंगाम भरात. रस्त्याने दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर गाणी वाजवीत चालले होते. ट्रॉल्यांवर उसाच्या मोळ्या आणि मोळ्यांवर ऊसतोडीची पोरे. त्यातली कितीतरी आमच्याच मराठवाड्यातली. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला.

इथे आम्हांला पहिला ट्रॅक्टर दाखवला. पंचेचाळीस हॉर्सपॉवरचा, लालभडक, मडगार्डावर देवाचे चित्र, झुलणारे गोंडे. दादांना पाहताक्षणी आवडला. मालकाने किल्ली फिरवताच इंजिन सुरू झाले. पण त्याआधी मी बॉनेटवर हात ठेवला होता. बॉनेट गरम होते. आम्ही येण्याआधी कोणीतरी तो सुरू करून ठेवला होता. बंधूंनो, ही गोष्ट गाठीला बांधा : गरम इंजिन सगळ्यांचेच चांगले चालते. खरी परीक्षा गार इंजिनाची.

मग आम्ही वाकलो. उसाच्या ओढाईचा मार पहिल्यांदा कोठे बसतो? ड्रॉबारच्या भोकांवर. ती गोल राहिलेली नव्हती, लांबट झाली होती. दोन ट्रॉल्या ओढताना ट्रॅक्टरचे पुढचे अंग उचलते आणि आपटते. म्हणून पुढच्या आसाखाली जॅक लावून चाक वर-खाली, आडवे-उभे हलवून पाहावे. मधल्या पिनेत आणि किंगपिनच्या बुशात खेळ असेल तर चाक हातात डुगडुगते. हे डुगडुगत होते. मागच्या आसाच्या घराला भेगा आहेत का, वेल्डिंग केले आहे का, तेही बोटाने चाचपून पाहावे. रंगाखाली लपलेले वेल्डिंग डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागते.

आता डिझेल पंपाकडे पाहा. पंपाला कारखान्याचे सील असते. ते तुटलेले असेल तर जास्त ओढ मिळावी म्हणून कोणीतरी पंपाचे डिझेल वाढवले असण्याचा संभव आहे. त्याने ट्रॉली ओढली जाते खरी, पण इंजिन आतून भाजते आणि जोर दिला की काळा धूर ओकते. इथे सीलच नव्हते.

गिअरची परीक्षा चढ-उताराच्या रस्त्यावर घ्यावी. ज्या गिअरवर ओढाई झाली, त्या गिअरमध्ये ट्रॅक्टर पळवून एकदम अॅक्सिलेटर सोडावा. गिअर आपोआप सुटून न्यूट्रलला आला तर त्याचे दात किंवा काटे झिजलेत असे समजा. गिअरपेटी उघडण्याचा खर्च ऐकून माणसाची झोप उडते.

मी हे सगळे पाहत होतो, आणि वहिनींनी एकच प्रश्न विचारला, “दादा, हंगाम ऐन भरात आहे, मग आत्ताच का विकता?” मालक घुटमळला. मग म्हणाला, “नवा घ्यायचा आहे.” असेलही. पण गाळप चालू असताना, टोळीला उचल देऊन बसलेला वाहतूकदार चालता ट्रॅक्टर विकत नाही, एवढे आम्हांला कळले. तुम्हीही हा प्रश्न अवश्य विचारा. उत्तरापेक्षा उत्तर देणाऱ्याचे तोंड पाहा.

दादांना तो ट्रॅक्टर सोडवत नव्हता. त्या रात्री ते जेवले नाहीत.

द्राक्षांच्या मुलखात

दुसऱ्या दिवशी पुणतांब्यावरून पुढे निघालो. याच गावातून १ जून २०१७ रोजी शेतकऱ्यांचा संप सुरू झाला होता. कोपरगाव, येवला, लासलगाव करीत निफाडला पोचलो. लासलगावला कांद्याच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग एवढी लांब, की जुन्या ट्रॅक्टरांचे जणू प्रदर्शनच भरले होते. मी दोन तास तिथेच हिंडलो आणि चालकांशी बोललो. फुकटात याहून मोठी शाळा नाही. कोणता ट्रॅक्टर डिझेल किती पितो, कोणत्याचे सुटे भाग तालुक्याला मिळतात, कोणता कुठे दगा देतो, हे चालवणारा माणूस खरे सांगतो. त्याला काही विकायचे नसते.

तिथेच एक गोष्ट कळली. कंपनी बंद पडली, म्हणजे ट्रॅक्टर मेला असे नव्हे. एच. एम. टी. चा पिंजोरचा ट्रॅक्टर कारखाना २०१६ साली बंद करण्याचा निर्णय झाला, तरी ते ट्रॅक्टर अजून रानात दिसतात. पण असा ट्रॅक्टर घ्यायचा तर आधी तुमच्या तालुक्याच्या दुकानात जाऊन क्लच प्लेट, पंपाचे किट आणि ऑइल सीले मिळतात का ते विचारा. ऐन पेरणीत एका सीलासाठी चार दिवस वाट पाहण्याची पाळी येऊ नये.

निफाडला दुसरा ट्रॅक्टर पाहिला. द्राक्षाच्या दोन ओळींतून जाणारा, लहान, अरुंद. टायर चांगले, आवाज गोड. पण ऑक्टोबर छाटणीनंतर या बागांवर फवारणीमागून फवारणी होते. मोरचुदाचे पाणी वर्षानुवर्षे अंगावर पडून मडगार्डाचा पत्रा आतून खाल्ला गेला होता आणि बॅटरीच्या वायरी हिरव्या पडल्या होत्या. ब्लोअर सतत पी. टी. ओ. वर चालतो, म्हणून पी. टी. ओ. च्या दांड्याचे खाचे पाहावेत. त्यांच्या कडा धारदार झाल्या असतील, किंवा दांडा हातात खडखडत असेल, तर आतले काम निघते. दांड्याच्या मुळाशी ऑइल पाझरते का तेही पाहावे.

या मालकाने काही लपवले नाही. पण तेवढ्या ताकदीने आमच्या काळ्या रानात पल्टी नांगर ओढला जाणार नव्हता. ट्रॅक्टर चांगला असणे वेगळे आणि आपल्या रानाला चांगला असणे वेगळे. आम्ही चहा घेतला आणि उठलो.

येवल्याची गार सकाळ

परतीच्या वाटेवर येवल्याला मुक्काम केला. एका नातेवाइकाने सांगितले, की तालुक्याच्या पूर्वेकडच्या कोरडवाहू गावात एक शेतकरी ट्रॅक्टर विकतो आहे. मुलगा नोकरीला लागला, म्हाताऱ्याच्याने आता चालवणे होत नाही. आठ वाजता या, असा निरोप होता. आम्ही साडेसहालाच गेलो. वहिनींनी आधी बॉनेटला हात लावला. “गार आहे,” त्या हळूच म्हणाल्या. म्हातारबाबा हसले, “ताई, बरं केलंत. मीही बैल घ्यायला पहाटेच जायचो.”

आम्ही येवल्याचा एक फिटर बरोबर घेतला होता. त्याच्या एका दिवसाच्या मजुरीकडे पाहू नका. फक्त तो विकणाऱ्याच्या ओळखीचा नसावा.

किल्ली फिरवण्याआधी फिटरने तीन गोष्टी पाहिल्या. ऑइलची कांडी काढली. ऑइल दुधाळ असेल तर आत पाणी शिरते आहे. पातळी फार वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर ऑइलमध्ये डिझेल उतरते आहे. मग रेडिएटरचे झाकण उघडले. पाण्यावर तेलाचा तवंग नव्हता. हे झाकण इंजिन गार असतानाच उघडायचे, तापलेले उघडले तर तोंड भाजते. तिसरी गोष्ट सगळ्यांत मोलाची : एअर क्लीनरची वाटी सोडवली, आणि क्लीनरपासून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत आतून बोट फिरवले. बोट स्वच्छ निघाले. तिथे धूळ असती, तर या इंजिनाने वर्षानुवर्षे माती खाल्ली आणि लायनर-पिस्टन झिजले, असे समजावे लागले असते.

इंजिन दुसऱ्या झटक्याला लागले. सुरुवातीला पांढरट धूर आला आणि दोन-तीन मिनिटांत विरला. गारव्यात एवढे चालते. निळा धूर येतच राहिला तर इंजिन ऑइल जाळते. काळा आला तर हवा कोंडलेली किंवा डिझेल जास्त. ऑइल भरण्याचे झाकण काढून पाहिले. आतून धुराचे भपके येत नव्हते. भपके येणे म्हणजे रिंगा झिजल्याची खूण.

मीटरवर ४,२०० तास दिसत होते. मीटरवर एकट्यावर विसंबू नका. ट्रॅक्टरचा खर्च काढताना त्याचे आयुष्य साधारण १०,००० तास धरण्याची पद्धत आहे खरी, पण मीटर बंद पडतो, बदलताही येतो. साक्ष घ्यायची ती क्लचच्या पायपट्टीची, स्टिअरिंगच्या चकत्यांची, टॉप लिंकच्या पिनांची. आकडा कमी आणि पायपट्टी गुळगुळीत, तर आकडा खोटा.

मग बाबांनीच नांगर जोडला आणि तासभर रानात चालवायला दिला. इंजिन चांगले तापल्यावर ऑइलचा दाब पाहिला, बंद करून पुन्हा सुरू केले. नांगर उचलून इंजिन बंद केले आणि आम्ही भाकरी खायला बसलो. जेवण होईतो नांगर चार बोटे खाली आला होता. फिटर म्हणाला, एवढे चालेल. धाडकन खाली आला असता, किंवा इंजिन चालू असताना उचकी लागल्यासारखा वर-खाली झाला असता, तर लिफ्टचे काम निघाले असते.

क्लच मात्र नापास झाला. मोकळ्या जागेत, पुढे-मागे कोणी नसताना, दोन्ही ब्रेक दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडला. इंजिन लगेच बंद पडायला हवे होते. ते काही क्षण कण्हत चालूच राहिले. मागच्या टायरांच्या कडेलाही बारीक भेगा होत्या. टायरवर चार आकडी शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, शेवटचे दोन सालाचे. त्यावरून ते टायर जुने असल्याचे स्पष्ट दिसले.

इथे एक गोष्ट सांगतो. दोष सापडला म्हणजे सौदा मोडलाच असे नाही. ज्याची किंमत काढता येते, तो दोष परवडतो. ज्याची किंमत काढता येत नाही, तो घात करतो. क्लच आणि टायर यांचा खर्च फिटरने तिथेच वहीच्या पानावर लिहिला, आणि बाबांनी तो मान्य केला. ४ लाख १० हजारांवरून सौदा ३ लाख ४० हजारांवर आला. दादांनी माझ्याकडे पाहिले. मी वहिनींकडे पाहिले. वहिनींनी मान हलवली.

कागद

पण विसार दिला नाही. आधी कागद पाहिले. इंजिन नंबर आणि चासी नंबर आर. सी. बुकाशी अक्षर न अक्षर ताडून घ्या. नंबरावर कानस फिरवलेली दिसली तर तिथूनच परत फिरा. बुकात बँकेचे नाव असेल, तर कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ हवा. परिवहन खात्याच्या ‘वाहन’ संकेतस्थळावरही नोंद पाहता येते. घरातल्या शिकलेल्या मुलाला सांगा. ट्रॅक्टरच्या कर्जाचा बोजा बहुधा सातबाऱ्यावरही चढलेला असतो, म्हणून विकणाऱ्याचा सातबारा पाहायला लाजू नका. बाबांच्या सातबाऱ्यावर बोजा कमी झाल्याचा फेरफार होता.

नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. राज्यातल्या राज्यात व्यवहार असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. पंजाब, हरयाणातून ट्रॅक्टर आणायचा तर तिथल्या कार्यालयाची ना-हरकत, म्हणजे फॉर्म २८, लागते. पुष्कळजण कोऱ्या फॉर्मावर सह्या घेऊन वर्षानुवर्षे तसेच चालवतात. अपघात झाला तर नोंदणीत ज्याचे नाव, त्याच्यावर जबाबदारी येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. विकणाऱ्यानेही हे ध्यानात ठेवावे. विमाही लगेच आपल्या नावावर करून घ्यावा.

पैठणीची उलटी बाजू

कागद होईपर्यंत एक दिवस येवल्यात काढला. आमच्या पैठणचे नाव असलेली पैठणी आता इथल्या घराघरांत विणली जाते. एका मागावर वहिनी बराच वेळ उभ्या होत्या. विणणाऱ्या बाईंनी पदर उलटा करून दाखवला. हाताने विणलेल्या खऱ्या पैठणीची उलटी बाजूही सुलटीसारखीच साफ असते, सुटे धागे लोंबत नाहीत. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, ट्रॅक्टर काही उलटा करता येत नाही.”

“पण खाली वाकता तर येतं,” दादा म्हणाले. श्रीरामपूरपासून ते पहिल्यांदा हसले होते.

ट्रॅक्टर घरी आला तेव्हा गावातली पोरे म्हणाली, “रंग तर उडालाय!” उडाला आहेच. क्लच बदलला, पावसाळ्याआधी टायर घालायचे आहेत. चैत्रात पहिली नांगरट झाली. सायलेन्सरच्या तोंडाशी मी कितीदा पाहिले, ते मोजलेले नाही. धूर साफ होता. वहिनींचे हात अजून मोकळे आहेत. कापूस घरी आला की पहिल्यांदा पाटल्या करायच्या, असे दादांनी सगळ्यांसमोर सांगितले आहे. मी ते इथे छापून ठेवतो, म्हणजे विसरायला नको.

तुम्हीही निघाल तेव्हा पहाटे निघा, घरच्या लक्ष्मीला बरोबर घ्या, आणि ट्रॅक्टर कोणत्या रानातून आला ते पहिल्यांदा विचारा.